फोर-व्हील गाडीचे टायर : घेण्यापूर्वी हिशेब करा

आमचा धंदा कापडाचा आहे. आम्ही मिस्त्री नाही आणि टायरचे दुकानदारही नाही. परंतु गेली तीस वर्षे भंडारा जिल्ह्यात कापडाचे गठ्ठे घेऊन आम्ही आठवडी बाजार करीत आलो आहोत. आंधळगाव, मोहाडी आणि पवनीकडील विणकरांना कोशाचे सूत पोचवायचे व तयार माल उचलून आणायचा, हाही आमच्या तिजारतीचा एक भाग. या फिरण्यात टायरवर जो पैसा गेला, त्यातील बराचसा आमच्या अज्ञानापायी गेला. एकदा तर प्रकरण पैशावर भागले नाही, जिवावर बेतले. आपल्यातील पुष्कळ व्यापारी व कारागीर बांधवांनी अलीकडे फोर-व्हील ड्राइव्ह गाड्या घेतल्या आहेत. आमची चूक त्यांच्याकडून होऊ नये, म्हणून हा तजुर्बा येथे मांडीत आहोत.

आमची चूक

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला मोठा पूर आला. भंडारा शहरापासून खाली पवनीपर्यंत नदीकाठच्या गावांत पाणी शिरले व ओसरताना रस्त्यांवर गाळ टाकून गेले. त्या गाळात एका पांदण रस्त्यावर आमची गाडी दोन दिवस रुतून राहिली. चारही चाकांना जोर लावूनही ती जागची हलेना. शेवटी ट्रॅक्टरने ओढून काढली. गाडीत सणासुदीचा माल होता आणि ज्या विणकरांना मजुरी द्यायची होती ते तिकडे वाट पाहत होते.

त्या रागात आम्ही टायरच्या दुकानी गेलो आणि म्हणालो, ‘चिखलात अडणार नाहीत असे टायर द्या.’ दुकानदाराने जे मागितले ते दिले. दोन बोटे उंचीच्या गोट्यांचे, ट्रॅक्टरसारखे दिसणारे टायर गाडीला लागले. मोहल्ल्यातील पोरे येऊन पाहून गेली. आम्हालाही बरे वाटले. पुढे डिझेल जास्त लागू लागले, डांबरावर भुंग्यासारखा आवाज येऊ लागला, तिकडे आम्ही लक्ष दिले नाही.

जुलै २०२१ मध्ये रोवणीचे दिवस होते. आमचा भाचा गाडी घेऊन साकोलीकडून परत येत होता. नुकतीच सर पडून गेलेली, सडक ओली. समोर गुरे आडवी आली. त्याने ब्रेक दाबला. गाडी जुनी, तिला एबीएस नाही. चाके जागच्या जागी थांबली आणि गाडी मात्र तशीच घसरत रस्त्याच्या कडेला उतरली व बाभळीला जाऊन धडकली. भाच्याच्या खांद्याचे हाड मोडले. कोशाच्या साड्यांचा एक गठ्ठा पाण्यात गेला. पण खरी गोष्ट याहून मोठी आहे. त्या बाभळीपासून दोन हातांवर रोवणीवरून परतणारी एक बाई पावसाला आडोसा धरून उभी होती. गाडी आणखी दोन हात गेली असती, तर तिचे काय झाले असते याचा विचार आजही आम्हाला झोपेतून उठवितो.

दवाखान्यात भाचा म्हणाला, ‘मामू, ब्रेक बरोबर लागला होता. गाडीच थांबली नाही.’ तो खरे बोलत होता. ब्रेक चाक थांबवितो. गाडी थांबविण्याचे काम टायरचे रबर सडकेला धरून करते. आणि ओल्या डांबराला धरील असे रबर आम्ही त्या गाडीला दिलेच नव्हते.

चार चाकांचा जोर कशासाठी?

फोर-व्हील ड्राइव्हविषयी एक गैरसमज सर्वत्र आहे. चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळाला म्हणजे गाडी सगळीकडे मजबूत झाली, असे लोक समजतात. हा जोर गाडी पुढे ढकलण्यासाठी आहे. थांबण्याच्या बाबतीत फोर-व्हील गाडी आणि साधी गाडी एकसारख्याच, कारण ब्रेक दोघींच्याही चारही चाकांना असतात. वळणावरही तेच. तळहाताएवढ्या चार जागी टायर जमिनीला टेकतो आणि सगळी मदार त्या चार जागांवर असते. म्हणून गाडी घेताना लाखांचा विचार करणाऱ्याने टायर घेताना घाईचा सौदा करू नये.

टायरच्या तीन जाती

या गाड्यांचे टायर मुख्यतः तीन जातींचे येतात. बाजूवर बहुधा त्यांची इंग्रजी अक्षरे असतात.

पहिली जात एचटी. ही पक्क्या सडकेसाठी. नक्षी बारीक, खाचा अरुंद, रबर जमिनीला जास्त टेकते. ओल्या डांबरावर उत्तम पकड, आवाज कमी, डिझेल कमी, आयुष्य जास्त. मुरमाच्या चांगल्या रस्त्यावरही हा टायर चालतो. मात्र चिकण चिखल खाचांत भरला की तो गुळगुळीत चेंडूसारखा होतो.

दुसरी जात एटी. पक्क्या व कच्च्या, दोन्ही रस्त्यांसाठी. खाचा रुंद, गोट्या जाड, तरी रबर बऱ्यापैकी जमिनीला टेकते. दोन्हीकडे थोडी थोडी तडजोड करून बनविलेला हा टायर आहे.

तिसरी जात एमटी, म्हणजे चिखलाचा टायर. मोठ्या गोट्या व त्यांच्यामध्ये मोठी मोकळी जागा. चाक फिरले की चिखल त्या जागेतून बाहेर फेकला जातो आणि गोट्यांना पुन्हा धरायला जागा मिळते. परंतु जेवढी जागा मोकळी, तेवढे रबर कमी. ओल्या डांबरावर त्याची पकड कमी पडते आणि थांबायला अंतर जास्त लागते. आम्ही घेतला तो हाच.

ट्रकवाले बांधव हा भेद जुना ओळखतात. ते पुढे रिब टायर घालतात व मागे लग टायर. रिब सडकेला धरून गाडी सरळ ठेवतो, लग जोराने ढकलतो. तेच तत्त्व येथे लागू आहे.

काही टायरांवर एम आणि एस अशी दोन अक्षरे अधिकाच्या खुणेने जोडून छापलेली असतात, म्हणजे चिखल व बर्फ. ही खूण उत्पादक स्वतःच्या दाव्यावर छापतो. ती पाहून टायर आपल्या चिखलात चालेल असे समजू नये, नक्षी डोळ्यांनी पाहावी.

आपल्या जिल्ह्याची जमीन

आता जमीन पाहू. भंडारा हा तलावांचा व धानाचा जिल्हा. येथील शेतकरी जमिनीला कन्हार, मोरंड, सिहार, खरडी, बरडी अशी नावे देतो. हा भेद टायरलाही कळतो.

कन्हार म्हणजे काळी, चिकण, जड जमीन. पावसात ती चाकाला गोळ्यासारखी चिकटते. येथे एचटी टायर दहा हातही जात नाही. एटी टायर थोडा जातो आणि भरून येतो. येथे खरोखर एमटीचेच काम आहे. तेही खाली कुठेतरी कडक थर असला तरच. चिखल पातळ व खाली मुरूम असेल तर अरुंद टायर तो चिखल कापून मुरमापर्यंत पोचतो. चिखलाला तळच नसेल, जसा बांधीत असतो, तर कोणताही टायर घाला, गाडी पोटावर बसणारच. बांधीत गाडी घालणे हा टायरचा नव्हे, अकलेचा प्रश्न आहे.

खरडी व बरडी या हलक्या, खडेवजा जमिनी. यांचे रस्ते पाऊस थांबल्यावर लवकर वाळतात. येथे एटी टायर उत्तम चालतो, सावकाश गेल्यास एचटीही चालतो. भीती असते ती धारदार खड्यांची. तुमसर तालुक्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग या मँगनीज खाणींकडे जाणाऱ्या गाड्यांनी याचा विशेष विचार करावा.

नदीपात्रातील रेतीची गोष्ट अगदी उलटी. कोरड्या रेतीत मोठ्या गोट्यांचा टायर स्वतःच खड्डा खणतो आणि गाडी त्यात बसते. साधा टायर, हवा कमी केलेली, हलक्या हाताने चालविला, तर तो रेतीवर तरंगल्यासारखा निघून जातो. चिखलाचा टायर सगळ्या अवघड जागी चालतो हा समज त्यामुळे सोडून द्यावा.

जंगलाकडे, कोका किंवा नागझिरा परिसरातील गावांकडे जाताना कापलेल्या बांबूचे खुंट टायरच्या बाजूत घुसतात. टायरचा तळ जाड असतो, बाजू पातळ असते. तळाचे पंक्चर निघते. बाजू फाटली तर तो टायर गेला असेच समजावे, कारण बाजूची दुरुस्ती भरवशाची नसते.

टायरच्या आतले कापड

आम्हा कापडवाल्यांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. टायर रबराचा दिसतो, पण त्याचा जीव आतल्या कापडात असतो. नायलॉन, पॉलिएस्टर किंवा रेयॉनच्या दोऱ्यांचे हे कापड. त्यात ताणा दणकट असतो आणि बाणा अगदी विरळ, नुसता ताण्याचे दोरे जागेवर धरून ठेवण्यापुरता. भार सगळा ताणा उचलतो.

जुन्या जीपगाड्यांना ६.००-१६ मापाचे जे टायर असत, ज्यांना बाजारात नायलॉन टायर म्हणतात, त्यांत या कापडाचे थर एकमेकांवर तिरपे टाकलेले असतात. बाजू जाड व कडक, मार सहन करणारी. पण सडकेवर तो लवकर तापतो व लवकर झिजतो. रेडियल टायरमध्ये हे दोरे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत आडवे सरळ जातात आणि तळाखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. त्यामुळे तळ सडकेवर सपाट टेकतो, पकड व आयुष्य वाढते. बाजू मात्र मऊ राहते. आजच्या गाड्यांना रेडियलच योग्य. मात्र खड्यांत व खुंटांत फिरणाऱ्याने एलटी लिहिलेला, म्हणजे हलक्या मालवाहू गाडीसाठी जास्त मजबूत बनविलेला टायर पाहावा. ६ पीआर, ८ पीआर असे जे आकडे असतात ते मजबुतीची प्रत सांगतात, आत तेवढेच थर मोजून असतात असे नव्हे.

बाजूवर लिहिलेले वाचा

कपड्याच्या थानावरील शिक्का आपण वाचतो, तसे टायरची बाजू वाचायला शिकावे. बोलेरो जातीच्या गाडीवर नेहमी दिसणारे माप घ्या : २१५/७५ आर १५. यात २१५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के. आर म्हणजे रेडियल. १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत.

त्यापुढे एक आकडा व अक्षर असते. आकडा वजनाचा. १०० लिहिले असेल तर एक टायर ८०० किलो उचलतो, १०९ असेल तर १०३० किलो आणि ११२ असेल तर ११२० किलो. अक्षर वेगाचे. क्यू म्हणजे ताशी १६० किलोमीटर, एस म्हणजे १८०. आपल्याला वेगाची चिंता नाही, वजनाची आहे. गाडीसोबत आलेल्या टायरवर जो वजनाचा आकडा होता, त्याहून कमी आकड्याचा टायर स्वस्त मिळतो म्हणून कधीही घेऊ नये.

मग जन्मतारीख. डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३२४ असेल तर तो २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. दुकानात दोन वर्षे पडून राहिलेला टायर नव्याच्या भावाने विकला जातो आणि आपण पाहत नाही. रबर न वापरताही कडक होते. विदर्भाच्या उन्हात तर लवकरच. आम्ही पाच-सहा वर्षांपेक्षा जुना टायर, खाच कितीही शिल्लक असो, गाडीवर ठेवीत नाही. स्टेपनीचीही तारीख पाहावी. तिला सगळे विसरतात. आयएसआय चिन्ह आहे की नाही हेही पाहून घ्यावे.

मोठ्या टायरचा मोह

एक माप मोठे टायर घालून गाडी उंच करण्याची हौस तरुणांना असते. त्याचा हिशेब करून पाहू. २१५/७५ आर १५ या टायरचा व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर. त्याजागी २३५/७५ आर १५ घातला तर व्यास सुमारे ७३३. म्हणजे ३० मिलिमीटर वाढले. यातले निम्मेच, म्हणजे १५ मिलिमीटर, गाडी उंच होते, एका बोटाची रुंदीही नाही. उलट काट्यावर ८० दिसते तेव्हा गाडी प्रत्यक्षात ८३ च्या वर पळत असते. इंजिनाचा जोर चाकापर्यंत पोचताना कमी पडतो, ब्रेकवर ताण वाढतो आणि पूर्ण वळणावर टायर आतल्या पत्र्याला घासण्याची भीती असते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलात मनमानी बदल करता येत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते. उत्पादकाने त्या गाडीसाठी जी मापे दिली आहेत, त्यांतच राहावे.

रिम मोठे म्हणजे टायर चांगला, हाही भ्रम आहे. २०२० मध्ये आलेल्या थार गाडीला दोन मापे मिळतात, २४५/७५ आर १६ आणि २५५/६५ आर १८. पहिल्याची बाजू सुमारे १८४ मिलिमीटर उंच, दुसऱ्याची १६६. बाजू उंच म्हणजे खड्ड्याचा मार रबर सोसते, रिम वाचते. कच्च्या रस्त्यावर लहान रिमच कामाचे. शोभेसाठी मोठे रिम घ्यायचे असेल तर खड्ड्यांचा हिशेब आधी करावा.

चारही टायर सारखे हवेत

साध्या गाडीत दोन नवे व दोन जुने टायर लोक चालवून घेतात. फोर-व्हील गाडीत ते महाग पडते. आपल्याकडील बहुतेक गाड्यांत लिव्हर टाकून फोर-व्हील लावावे लागते, आणि ते लावल्यावर पुढचा व मागचा शाफ्ट एकाच गतीने बांधले जातात. पुढचे टायर नवे व मागचे झिजलेले असतील, तर त्यांचा घेर वेगळा असतो. दोघेही वेगळ्या गतीने फिरू पाहतात आणि त्यांची ओढाताण ट्रान्स्फर केसमध्ये होते. तिचे गिअर खराब झाले तर चार टायरच्या किमतीहून मोठे बिल येते. म्हणून चारही टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे आणि जवळपास सारखे झिजलेले ठेवावेत. ठराविक अंतराने त्यांच्या जागा बदलत राहावे, म्हणजे झीज सारखी होते.

याच कारणाने कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावून गाडी चालवू नये. चिखलात व रेतीत चाक थोडे घसरून ही ओढाताण सुटते. कोरड्या सडकेवर घसरायला जागा नसते. फोर-व्हील चिखल येण्यापूर्वी लावावे, रुतल्यावर नव्हे, आणि पक्की सडक लागताच काढावे.

सर्वांत स्वस्त उपाय : हवा

टायर बदलण्यापूर्वी हवेकडे पाहावे. दाराच्या खांबावर उत्पादकाची पट्टी असते. त्यावर रिकाम्या व भरलेल्या गाडीसाठी किती पौंड हवा ठेवावी ते लिहिलेले असते. तोच आकडा धरावा. पंक्चरवाल्याच्या अंदाजावर जाऊ नये. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. उन्हाळ्यात टायर तापून हवा वाढलेली दिसते. ती काढून टाकण्याची चूक पुष्कळ लोक करतात. हवा कमी असलेला टायर जास्त दबतो, जास्त तापतो, आणि मे महिन्याच्या दुपारी भरल्या गाडीसह हमरस्त्यावर फुटतो.

चिखलात किंवा रेतीत अडचण आली तर हवा कमी करावी. गाडीत माल नसेल तर ३० पौंडांवरून १८ ते २० पर्यंत उतरविता येते. टायर पसरतो, जमिनीला जास्त टेकतो, आणि मघाशी न हलणारी गाडी पुष्कळदा सहज निघते. २०२० साली हे आम्हाला ठाऊक असते तर कदाचित दोन दिवस वाचले असते. पण यात एहतियात हवी. माल भरलेला असेल तर एवढी हवा कमी करू नये. १५ च्या खाली उतरल्यास टायर रिमवरून सुटू शकतो. ट्यूबचा टायर असेल तर आत ट्यूब सरकून व्हॉल्व्ह फाटतो. हवा कमी असताना सावकाश चालवावे, तीव्र वळण घेऊ नये, आणि डांबर लागण्यापूर्वी हवा पुन्हा भरावी. म्हणून हवा मोजण्याचे छोटे मीटर आणि बॅटरीवर चालणारा पंप गाडीत असलाच पाहिजे. एका टायरच्या किमतीच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे.

ज्याचा धंदा, त्याचे टायर

अपघातानंतर आम्ही एक वही केली. वर्षभर गाडी कुठे कुठे गेली ते लिहून ठेवले. शंभर किलोमीटरपैकी ब्याऐंशी डांबर, तेरा मुरूम, चार कोरडे कच्चे रस्ते आणि केवळ एक किलोमीटर खरा चिखल, असा हिशेब निघाला. त्या एका किलोमीटरसाठी आम्ही ब्याऐंशी किलोमीटर जीव धोक्यात घातला होता. वही आधी केली असती तर बरे झाले असते.

प्रत्येकाची वही मात्र वेगळी असेल. कापडवाल्याचा माल जागा जास्त घेतो, वजन कमी करतो. त्याला गाडीच्या मूळ मापाचा एटी टायर पुरतो. फक्त हमरस्त्यावरील बाजार करणाऱ्याला एचटीच बरा. भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांचा माल याउलट. थोड्या जागेत मोठे वजन. त्या कारागीर बांधवांनी नक्षीपेक्षा वजनाचा आकडा व मागच्या चाकांची हवा आधी पाहावी. तेंदूपत्त्याचे काम उन्हाळ्यात असते, तेव्हा चिखल नाही, पण खुंट, काटे व तापलेले खडे आहेत. त्यांना मजबूत बाजूचा एलटी लिहिलेला एटी टायर हवा. तलावांवरून मासळी उचलणाऱ्याला पावसाळ्यात काळ्या मातीच्या पाळीवरून रोज जावे लागत असेल आणि डांबर थोडेच असेल, तर एमटी टायर त्याचा हक्काचा आहे. मात्र त्याने ओल्या सडकेवर वेग कमी आणि पुढच्या गाडीपासून अंतर दुप्पट ठेवले पाहिजे.

खरेदीच्या वेळी

पक्के बिल घ्यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून या गाड्यांच्या नव्या टायरवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. जुन्या दराने कुणी बिल करीत असेल तर विचारावे. गाडी मालवाहू म्हणून नोंदलेली असेल, धंद्याच्या मालासाठी वापरली जात असेल आणि आपण नियमित जीएसटी भरणारे असाल, तर या कराचे क्रेडिट मिळू शकते. आपल्या हिशेबनिसाला विचारून घ्यावे. कंपोझिशनवाल्यांना हे क्रेडिट नाही.

टायर लावल्यावर अलाइनमेंट व बॅलन्सिंग करून घ्यावे. चारचाकी गाडीला खाच किमान १.६ मिलिमीटर असावी असा नियम आहे. खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आले की टायर संपला. आम्ही तेथवर थांबत नाही. मृगापूर्वी खाच मोजतो आणि तीन मिलिमीटरच्या खाली असेल तर पावसाळ्याआधीच टायर बदलतो. ट्यूबलेस टायरचे पंक्चर बाहेरून दोरी घालून काढले तरी घरी आल्यावर आतून पॅच लावून घ्यावा. पुढच्या चाकांना रिमोल्ड टायर कधीही घालू नये.

राहिला तो एक किलोमीटरचा चिखल. त्याची तोड आम्हाला एका म्हाताऱ्या विणकराने सांगितली. तो म्हणाला, ‘सेठ, गाडी सडकेवरच ठेवा, मी बंडी पाठवतो.’ आता पावसाळ्याच्या त्या चार-सहा खेपांना आम्ही तेच करतो. गठ्ठे ताडपत्रीत बांधून बंडीवर किंवा ट्रॅक्टरवर घालतो व भाडे देतो. वर्षाचे हे भाडे एका टायरच्या किमतीइतकेही होत नाही, आणि ते गावातच कुणाच्या तरी घरी जाते.

आमच्या गाडीला आता एटी टायर आहेत. भाच्याचा खांदा बरा झाला, तोच गाडी चालवितो. ओली सडक लागली की तो स्वतःहून वेग उतरवितो, आम्हाला सांगावे लागत नाही. वाचक बंधूंनी टायरच्या दुकानी जाण्यापूर्वी आपली एक महिन्याची वही तरी लिहावी, मग दुकानदाराशी बोलावे. आमच्यासारखे रागाच्या भरात जाऊ नये.